परसभर खाट

जय,

उद्या सकाळी प्रकाशा गावी, तापीच्या काठी तुझा पुतळा जाळायचा आहे. पळसाच्या देठांचा. यायचं असेल तर त्याआधी ये. गंमत करत असशील तर पुरे झाली. सहा फूट नऊ इंचांचा माणूस लपणार तरी कुठे, पण या खेपेला लपला असशील तर नीघ आता बाहेर. मी रागावणार नाही. रागावेन, पण जेवू घातल्यावर.

असं लिहिणं शहाणपणाचं नाही, ठाऊक आहे मला. शाळेत उभा जन्म घालवलेली बाई आहे मी. माणूस गेल्यावर त्याच्यासाठी लिहायचं तर 'तू गेलास' इथून सुरुवात करायची असते. मला ते दोन शब्द लिहिता येत नाहीत. तू गेलास हे मला कुणी दाखवलेलंच नाही. काळ्या समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात एका खडकावर तुझे कपडे घडी करून ठेवलेले सापडले, शेजारी ते होडीएवढे बूट. दोन कोळ्यांनी तुला पाण्यात जाताना पाहिलं. बाहेर येताना कुणी पाहिलं नाही. एवढ्यावर सगळे म्हणतात, संपलं. अरे, कोळी त्यांच्या जाळ्याकडे बघत असतील! तू दुसरीकडून निघाला असशील!

बातमी आली तेव्हा मी ओट्यावर बसून तुझ्या खाटेसाठी सुतळीची गुंडी सोडवत होते. थोड्याच दिवसांपूर्वी तुझा फोन येऊन गेला होता. दरवर्षीचंच वाक्य. "फुई, सीझन सरना. खाट टाक, मी यी ऱ्हायनू." जग जिला आत्या म्हणतं तिला तू फुई म्हणायचास, कारण तुझ्या बापाने, माझ्या धाकट्या भावाने, अमेरिकेत बसून तुला मराठी म्हणून आपली अहिराणीच शिकवली. जन्म तिथला, वाढलास तिथे, पासपोर्ट तिथला, आणि तोंड उघडलं की शहाद्याच्या बसस्टँडवरचा माणूस. मुंबईच्या विमानतळावर तू एका साहेबाला "मन्ही बॅग कोठे शे?" असं विचारलंस, तर तो आधी मान वर करून बघत राहिला आणि मग हसत सुटला. ही गोष्ट तू दर उन्हाळ्यात सांगायचास आणि मी दर उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायचे. या उन्हाळ्यात सांगायची राहिली आहे.

दुसरा फोन तुझ्या बास्केटबॉल क्लबच्या माणसाचा होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो अडखळत बोलत होता. मी आयुष्यभर पोरांना इंग्रजी शिकवलं. त्या दिवशी वाटलं, एक अक्षर येत नसतं तर बरं झालं असतं. त्याला बिचाऱ्याला शब्द सापडत नव्हते आणि मीच त्याला एकेक शब्द सुचवत होते. समुद्र. शोध. थांबवला. सवय जात नाही मास्तरणीची.

खाटेची गोष्ट तुला सांगायला नको, पण मला सांगायची आहे. तू पहिल्यांदा इथे ब्राह्मणपुरीला आलास तेव्हा घरातल्या खाटेवर तुझे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबायचे. शेजारणी बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. मी म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांचा जन्म विहिरींच्या कामात गेलेला, खाट कधीमधी करायचे. त्यांनी तुला भिंतीला टेकवून उभं केलं आणि म्हणाले, "हात वर कर, भाऊ." तू शहाण्यासारखा हात वर केलास. बोटांच्या टोकाशी त्यांनी कोळशाची रेघ मारली आणि चालू लागले. आपल्याकडे विहिरीची खोली परसात मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. मिस्त्रींना माणसाचं दुसरं मापच ठाऊक नव्हतं. खाट आली ती ओट्यावर मावेना, दारातून आत जाईना. मी डोक्याला हात लावला. "मिस्त्री, हे काय केलंत?"

"ताई, माप बरोबर शे," मिस्त्री म्हणाले. "पोऱ्याच लांब शे."

तू हसून हसून खाली बसलास. मग सांगितलंस की तुमच्या खेळातही माणूस असाच मोजतात, भिंतीपाशी उभा करून, हात वर करायला लावून. नुसत्या उंचीला कुणी विचारत नाही, हात कुठवर पोचतो ते बघतात. "मिस्त्री आमना कोच शे, फुई," म्हणालास. खाट निंबाखाली टाकली. त्या दिवसापासून तू हात डोक्यावर ताणून झोपायला लागलास, अगदी मिस्त्रींच्या रेघेपर्यंत. शिपाई कवायतीत झोपल्यासारखा. भिंतीवरची रेघ अजून आहे. दिवाळीत घर रंगवलं तेव्हा तेवढी जागा मी रंगवू दिली नाही. आता तिच्याकडे बघवत नाही आणि तिच्यावरून नजर हटत नाही.

बास्केटबॉल खेळून पोट भरणारा आपल्या घराण्यातला तू पहिला आणि शेवटचा. तुझ्या बापाला ते कधी पटलं नाही. त्याला वाटायचं, इतका शिकलेला मुलगा, हाफ चड्डी घालून देशोदेशी उड्या काय मारतोय! अमेरिकेतल्या मोठ्या संघात तुला कुणी घेतलं नाही. मग पोलंड, पोर्तुगाल, सायप्रस, फिलिपिन्स, जॉर्जिया. नकाशात बोट ठेवून मी वर्गातल्या पोरांना तुझी गावं दाखवायचे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. एका सीझनचा करार, एका खोलीचं घर, कुणा परक्या बाईच्या हातचं सूप, आणि वसंत संपला की पुन्हा कुणाच्या तरी फोनची वाट.

पोलंडातली ती विमानतळाची गोष्ट मात्र तू एकदाच सांगितलीस, आणि तीही न हसता. क्लबने 'अमेरिकन खेळाडू' मागवला होता. घ्यायला आलेला माणूस तुझ्या नावाचा फलक धरून उभा. तू त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलास, तर तो मान वाकडी करून तुझ्या पाठीमागे बघायला लागला. अमेरिकन म्हणजे कसा दिसतो हे त्याने मनात ठरवून टाकलं होतं. तू फलकावर बोट ठेवलंस तरी त्याला खरं वाटेना. "अमेरिकाम्हा माले इंडियन म्हनतस, तठे अमेरिकन समजतस नही, आनि आठे अमेरिकावाला म्हनतस," तू म्हणालास. मी तुला दटावलं, भाकर खा म्हणून. दुसरं काय करणार?

आणि संघ हरायला लागला की पहिलं विमान तुमचं, परदेशी खेळाडूंचं. हे तूच मला समजावून दिलंस, बांधावर बसून. समोर सातपुड्यातून उतरलेली माणसं ऊस तोडत होती. कारखान्याचा सीझन असेपर्यंत इथे, सीझन संपला की कापडाचं पाल उचलायचं. "मी बी हाऊच धंदा करस, फुई," असं म्हणून तू त्यांच्यात गेलास आणि मोळी उचलून दाखवलीस. त्यांच्यातल्या बायका फिदीफिदी हसल्या. तू केलास तो विनोद होता. मला मात्र तो कुसासारखा टोचला. आपल्या घरचा मुलगा, आणि त्याला आपलं म्हणावं असं कुठलंच गाव नाही!

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, पुरे आता, गुडघे बघ तुझे. दोन्ही गुडघ्यांवर टाके, सकाळी उठून दहा पावलं चालेपर्यंत म्हाताऱ्यासारखा वाकडा. तू म्हणायचास, "एकच सीझन, फुई. मंग मी आठेच ऱ्हासू." दरवर्षी एकच सीझन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. फोनवर मी तुझे सामने बघायचे. तुला गोल करताना फारसं पाहिलंच नाही. तू आपला बास्केटखाली धक्के खात उभा. दुसऱ्याने गोल करावा म्हणून तू वाट अडवून धरायचास, त्याचा चुकला तर चेंडू खाली येण्याआधी झेप घ्यायचास. टाळ्या त्याला, कोपरं तुला. मी चिडायचे. "अरे, एवढा उंटासारखा वाढलास, तूच टाक ना चेंडू!" तू म्हणायचास, ते आपलं काम नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी हट्टालाच पेटले. खोदून खोदून विचारलं, तुला मिळतं तरी काय तिथे? मग म्हणालास, चेंडू रिंगला लागून उडतो ना फुई, तेव्हा मैदानातले सगळे वर बघतात. आणि तो कुठे पडणार हे तुला सगळ्यांच्या आधी कळतं. का कळतं ते सांगता येत नाही, पण कळतं. "तितला टाइम मी कथाईन वना, हाई कोनीच इचारत ना."

मी फटकन म्हटलं, "कुठून आलास, हे ब्राह्मणपुरीत तरी कोण विचारतं?"

"आठे?" तू हसलास. "आठे तर रोज इचारतस. कव्हय जाशी?"

बस. तेवढ्यात केळीचा ट्रक आला, हाक आली, तू उठून गेलास, आणि आपलं भांडण तिथेच राहिलं. खरंच विचारतात रे. दुकानात, देवळात, पारावर. अमेरिकावाला आला की पहिला प्रश्न, कधी आलास, आणि दुसरा, कधी जाणार. वाईट कुणाच्या मनात नसतं. पाहुण्याला विचारायची ती रीतच आहे. पण मी तुला एकदाही विचारलं नाही, हे तुला कळलं होतं का? मला सांगायचं होतं, तू एकदा पाल टाक इथे, मग बघते कोण विचारतो ते. हे मी या उन्हाळ्यासाठी ठेवलं होतं. आंब्याचा रस वाढताना सांगायचं ठरवलं होतं. आता ते कुणाला सांगू? खाटेला सांगू?

आणि तू बुडालास कसा, हे मला कुणीतरी समजावून द्या. बंधाऱ्यामुळे तापीला पाणी तट्ट भरलेलं असायचं तेव्हा तू प्रकाशाच्या घाटावरून उडी मारायचास, पलीकडच्या काठाला हात लावायचास आणि हसत परत यायचास. दर्शनाला आलेल्या बायका लेकरांना कडेवर उचलून तुला दाखवायच्या. मी काठावर रामनाम घेत उभी. बाहेर आलास की मी ओरडायचे, "वाक!" तू वाकायचास, मी पदराने तुझं डोकं पुसायचे आणि कानही पिळायचे. तुला मारायचं तरी आधी तुला वाकायला सांगावं लागायचं. तू दरवेळी वाकायचास. असा मुलगा समुद्रात बुडतो? त्या समुद्राला खोली किती होती? किती परस होती? तुझा एक परस म्हणजे बाकीच्यांचा दीड. तू नुसता उभा राहिला असतास, हात वर केला असतास, तरी बोटं पाण्याबाहेर आली असती. कुणालातरी दिसली असती. का नाही केलास हात वर?

केला असशील. मला माहीत आहे, केला असशील. हा विचार आला की मी उठून अंगणात जाते.

शोध थांबल्यावर तुझ्या बापाचा फोन आला. त्याला पक्षाघात झाल्यापासून विमानात बसवत नाहीत, ठाऊक आहे तुला. आधी नुसता रडला. मग म्हणाला, "आक्का, मन्हा पोऱ्या पानीम्हा शे. त्याले मोकळा करी टाक. प्रकाशाले विधी कर." मी त्याला वाट्टेल ते बोलले. बाप आहेस की कोण, देह नाही, हाड नाही, तू कसला विधी करायला सांगतोस? शेवटी म्हणाला, "माले झोप लागत ना, आक्का." ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि त्याचं माझ्यापेक्षा जास्त जळतं आहे.

म्हणून प्रकाशाला गुरुजींकडे गेले. भला माणूस आहे. त्यांनी सांगितलं, देह मिळाला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, नाव घेऊन त्या माणसाला त्यात बोलावतात आणि अग्नी देतात. हातांनी लांबी दाखवली. कोपरापासून बोटांपर्यंत. मला तिथेच रडू फुटलं आणि रागही आला. म्हटलं, गुरुजी, हा माझा भाचा नाही. हे कुणा दुसऱ्याचं लेकरू आहे. माझा भाचा या ओवरीत मावायचा नाही. पूर्ण लांबीचा करा, देठ मी आणते. गुरुजी म्हणाले, "ताई, करूत. तुमीन माप सांगा." काल पळसाचे भारे आणून ओट्यावर टाकलेत. देठ काढता काढता माझी बोटं काळी पडली आहेत. अग्नी मीच देणार आहे. बाई कशी देईल असं विचारायला गावातून दोघं येऊन गेले. माझं तोंड बघून चहा न घेताच गेले.

गुरुजींकडून निघताना खाटेचा विषय निघाला. बाराव्याला माणसाची खाट दान करायची असते. मी म्हटलं, ही द्यायची नाही. आणि मग जे तोंडातून काढायचं नाही असं ठरवून गेले होते तेच निघालं. "गुरुजी, सगळं उरकलं आणि तो परत आला तर?"

मला वाटलं, हे माझी कीव करतील. त्यांनी केली नाही. ते म्हणाले, शास्त्राने तीही वाट ठेवली आहे. पुतळा जाळल्यावर माणूस जिवंत परत आला, तर त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, पाळण्यात घालायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं, जन्मल्यापासूनचे संस्कार, बारसंसुद्धा. नवा जन्म मानायचा. गुरुजींनी त्यांच्या उभ्या आयुष्यात असं कधी केलेलं नाही. त्यांच्या वडिलांनीही नाही. "पन शे, ताई," ते म्हणाले. "वाट शे."

जय, तू जन्मलास तेव्हा मी इथे होते, तू तिथे. बारशाला नाव आत्याने ठेवायचं असतं. पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि मग बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. माझ्या मनात भास्कर होतं. तापी सूर्याची मुलगी, म्हणून तिच्या बापाचं नाव. पण परदेशात फोन लागेपर्यंत तुझ्या आईबापांनी तिथल्या लोकांना जमेल असं दोन अक्षरांचं नाव ठेवून टाकलं होतं. मोठेपणी तुला सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलास, "भास्कर तर जर्सीवर मावाव नही, फुई!" मीही हसले. पण ते बारसं माझं राहिलंच. तुझं राहिलेलं बारसं आणि माझ्या पाठीवरचे धपाटे.

म्हणून मी उद्या जाणार आहे. तुझ्या बापाला झोप लागावी म्हणून जाणार आहे. पुतळा मिस्त्रींच्या रेघेएवढा होईल, हात वर केलेला. तुझं नाव घ्यायला सांगतील तेव्हा घेईन. काडी लावीन. पण तू गेलास असं मी म्हणणार नाही, ते मला कुणी सांगू नये. खाट आज पुन्हा विणून घट्ट केली आहे. बाराव्याला गुरुजींना साधी खाट देईन, ही नाही. या खाटेच्या चारी पायांना दोर बांधून निंबाच्या फांदीला टांगता येतं, मी मिस्त्रींच्या पोराला विचारून ठेवलं आहे. तुझ्या मापाचा दुसरा पाळणा अख्ख्या खानदेशात मिळायचा नाही. तूपही साठवायला घेतलं आहे. तुझ्या अंगाला किती लागेल कुणास ठाऊक.

बापाला, गावाला, गुरुजींना जे हवं ते सगळं मी उद्या करीन. त्याच्या बदल्यात तू एवढंच कर. आजच्या आत नाही जमलं तर उद्यानंतर ये. पुढच्या उन्हाळ्यात ये, त्याच्या पुढच्या ये. सीझन संपला की ये. आल्यावर तुला इथे कुणीही विचारणार नाही, कधी जाणार म्हणून. आजच जन्मलेल्या मुलाला असं कुणी विचारत नाही. तुला गाव नवं, घर नवं, नाव नवं. नाव मी ठेवीन, कानात सांगेन. माझा हात तिथवर पोचत नाही, तुला माहीत आहे.

वाक.